सावधान: ‘हाउसबोटीतल्या जुन्या अक्रोडी खुर्च्या’ म्हणून ३,१२,००० रुपयांची टोपी

आधी आकडे लिहितो, म्हणजे चार-पाच हजारांचं रडगाणं असेल असं कुणाला वाटायला नको. आठ खुर्च्या, दोन हातांच्या आणि सहा बिनहातांच्या. नगाला ३९,००० प्रमाणे ३,१२,०००. त्यातले १,००,००० आगाऊ बँकेतून, १,५०,००० माल पोचल्यावर बँकेतून आणि ६२,००० रोख. पॅकिंग आणि टेम्पोचे ९,४०० वेगळे. मूळ मागणी ३,६०,००० ची होती. घासाघीस करून ४८,००० उतरवले याचा मला तेव्हा केवढा अभिमान! आठपैकी दोन खुर्च्या खरोखर जुन्या निघाल्या. सहा नव्या, त्याही अर्ध्या आंब्याच्या लाकडाच्या.

दुकानदाराने सांगितलं ते असं: श्रीनगरच्या एका हाउसबोटीतला जेवणाच्या टेबलाभोवतीचा संच, १९१५ च्या आधीचा, अख्खा अक्रोडाचा, हाताने कोरलेला. डोगरा राजवटीत बाहेरच्यांना काश्मिरात जमीन घेता येत नव्हती, म्हणून इंग्रज पाण्यावर राहिले, आणि त्यांच्या बोटींसाठी विलायती घाटाच्या खुर्च्यांवर स्थानिक कारागिरांनी चिनार, कमळ, द्राक्षवेल कोरली. हा इतिहास खरा आहे. तो खरा आहे म्हणूनच त्याच्या आडून काहीही विकता येतं. असल्या धंद्यात गोष्ट खरी आणि माल खोटा असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही होतं.

आणि नाही, मी डोळे मिटून घेतल्या नाहीत. अक्रोड ओळखता येतं मला. पाठीच्या खांबावर भिंग लावून बघितलं: बारीक गडद रेघांसारखी छिद्रं, वाढीच्या वलयात मोठ्याकडून लहान होत गेलेली, तपकिरीत जांभळट झाक. अक्रोडच होतं. आजही म्हणतो, मी लाकूड ओळखायला चुकलो नाही, नको त्या जागी ओळखलं. खुर्चीचा मागचा पाय आणि पाठीचा खांब हे एकाच लाकडातून काढलेले असतात, जमिनीपासून माथ्यापर्यंत सलग. या सहा खुर्च्यांत ते बैठकीच्या पातळीवर जोडलेले आहेत. वर अक्रोड, खाली आंबा. जोड बैठकीच्या आडव्या पट्टीमागे दडवलाय आणि वरून गडद पॉलिशचा हात मारलाय. गिऱ्हाईक उभं राहून बघतं, म्हणजे वरचा भाग बघतं. वाकून बघणारं असलं तरी पुढचे पाय बघतं, कारण नक्षी पुढच्या पायांवर असते.

अशी मिसळ का करतात तेही सांगतो. काश्मिरात अक्रोडाचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९६९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. त्यातून मिळालेलं लाकूड फळ्या करून, मध्ये हवेला जागा ठेवून, वर्षानुवर्षं वाळवावं लागतं. घाईने वाळवलं तर वाकतं आणि तडकतं. त्यामुळे जेवढं दिसतं तेवढंच अक्रोड लावायचं, बाकी काहीही. आंब्याचं लाकूड मुळात फिकट, पिवळसर करडं. त्यातली छिद्रं मोठी, विरळ, सगळीकडे सारखी विखुरलेली. रंग दिला की लांबून कळत नाही. पट्टीच्या आतल्या कडेला नखाएवढा ओरखडा काढला असता तर तिथल्या तिथे पांढरं दिसलं असतं. मी काढला नाही. दुसऱ्याच्या ‘शंभर वर्षांच्या’ वस्तूवर ओरखडा कसा काढायचा, हा माझा सभ्यपणा.

रंगाबद्दल मी विचारलंच होतं, की इतका सारखा गडद कसा. उत्तर तयार होतं: “मुळाचं लाकूड आहे साहेब, सगळ्यात महाग.” अर्धसत्य बोलावं कसं ते या लोकांकडून शिकावं. अक्रोडात मुळाकडचं लाकूड सगळ्यात गडद आणि महाग, मग खोडाचं, मग फांद्यांचं, हे बरोबर. पण मुळाकडच्या लाकडाच्या रेषा वळणावळणाच्या असतात; सरळ रेषांचे तीन-सव्वातीन फुटी सोळा खांब त्यातून कुठून निघणार? आणि त्याहून महत्त्वाचं: बहुतेक लाकडं उजेडाने काळवंडतात, अक्रोड उलट फिकं पडतं, मधाकडे झुकतं. शंभर वर्षं वापरलेल्या खुर्चीची पाठ फिकी आणि बैठकीखालची झाकलेली बाजू गडद असायला हवी. वर-खाली, आत-बाहेर एकच रंग दिसला तर तो डब्यातला रंग आहे. हा नियम मी दुसऱ्यांना सांगत आलोय.

आता तो क्षण. दुकानात संच दोन ओळींत मांडलेला, हातांच्या दोन खुर्च्या पुढे. पाठीच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी वर चढणारी चिनाराची पानं. उजवीकडचं, खालून तिसरं पान: त्याचं मधलं टोक तिरकं उडालेलं. छान वाटलं मला, जुन्या वस्तूला असा एखादा टवका असावाच. शेजारची खुर्ची बघितली. तिच्याही तिसऱ्या पानाचं टोक उडालेलं. मी बोट लावून बघितलं, दोन्हींवर. बोललो सुद्धा. दुकानदार हसून म्हणाला, “खुर्ची मागे ओढताना हात तिथेच जातो ना, सगळ्यांच्या तिथेच झिजतं.” आणि मी मान हलवली! स्वतः एकदा खुर्ची ओढून बघायची तरी होती. हात माथ्याच्या पट्टीवर जातो, बाजूच्या तिसऱ्या पानावर कुणाचा जाणार? आणि झीज म्हणजे गुळगुळीत, गोल होत गेलेली कड. ते तिरकं तुटलेलं होतं, तुटल्यासारखं तुटलेलं. तिसरी, चौथी, पाचवी खुर्ची बघायला तीस सेकंदं लागली असती. आठही खुर्च्यांवर तेच पान, तोच तिरका काप. एक जुनी खुर्ची स्कॅन केली, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणाऱ्या कोरीव यंत्राला दिली, आणि यंत्राने टवक्यासकट कोरली. यंत्राला काय कळतंय, पान कुठे संपतं आणि मोड कुठे सुरू होते. मला कळायला हवं होतं. दुसऱ्या जुन्या खुर्चीच्या पानाचं टोक तर मुद्दाम पटाशीने उडवलंय, जोडी जमावी म्हणून. तो काप आतून अजून ताजा, पिवळट आहे.

हे उघडकीला आलं सव्वा महिन्याने, एका खुर्चीचा मागचा पाय बैठकीपाशी कुरकुरायला लागला तेव्हा. माणूस मागे रेलला की सगळा ताण मागचा पाय आणि बाजूची पट्टी मिळतात तिथेच येतो. जुन्या कामात तिथे पट्टीचं कुसू पायातल्या खोल खाचेत बसवलेलं असतं आणि आडवी लाकडी खुंटी ठोकलेली असते. इथे ८ मिलिमीटरची दोन डॉवेलं (तयार गोल खुंट्या) आणि फेविकॉल. त्यात जोडाच्या वर एक लाकूड, खाली दुसरं. दमट हवेत दोन्ही वेगवेगळी फुगतात आणि सांधा स्वतःच स्वतःला उचकटतो. सुतारापुढे खुर्ची उलटी केली, बैठक काढली, आणि तो काही न बोलता बाकीच्या उलट्या करायला लागला.

उलट्या केल्यावर काय दिसलं ते नीट लिहितो, कारण हेच तुम्ही विकत घेण्याआधी बघायचं आहे. दोन जुन्या खुर्च्यांत पट्ट्यांची आतली बाजू खडबडीत, रंधा नीट न फिरवलेली, पॉलिश नाही, कोरडी धुरकट. न दिसणाऱ्या जागी मेहनत घालवायला जुना कारागीर वेडा नव्हता. सहा नव्यांत आतली बाजूही रंगवलेली, आणि तिरप्या उजेडात यंत्राच्या रंध्याच्या सारख्या अंतरावरच्या लाटा. बैठकीची चौकट जुन्यांत चुकांच्या (बारीक खिळ्यांच्या) भोकांनी चाळणी झालेली, दोन-तीनदा तरी कापड बदललंय, आणि लोखंडी चुकेभोवती लाकूड काळं पडलंय, कारण अक्रोडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळा डाग देतं. नव्यांत प्लायवूड, फोम, स्टेपलर. कापड मात्र आठांवर एकच, जुनाट दिसणारं. “आत्ताच नवीन बसवून घेतलंय” असं कुणी म्हणालं की समजा, आत बघू द्यायचं नाहीये. पैसे द्यायच्या आधी एक कोपरा उघडायला लावा. नाही म्हणाला तर चहा न पिता निघा.

स्क्रू: फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला. १९१५ च्या खुर्चीत तो दिसला तर दुरुस्तीत घातला असेल असं म्हणता येतं, एखाद्या खुर्चीबाबत. सहा खुर्च्यांत, त्याच चार जागी? शिवाय मला खटकायला हवं होतं की सहांपैकी एकीलाही दुरुस्ती नाही. शंभर वर्षांत एखादा पाय बदलला जातो, एखादी पट्टी सांधली जाते. निरोगी आठचा संच ही संशयाची बाब आहे, कौतुकाची नाही.

वाळवीने नव्हे तर भुंग्याने पाडलेली बारीक भोकं दाखवून वय सिद्ध करतात, त्याला फसू नका. खरी भोकं साधारण दीड-दोन मिलिमीटरची, आत वेडीवाकडी वळलेली असतात. बारीक तार सरळ आत जात नाही. ड्रिलचं भोक सरळ आणि सगळ्यांची खोली सारखी. आणि पृष्ठभागावर भोकाऐवजी उघडी पन्हळ दिसली तर ते किडकं जुनं लाकूड नव्याने कापून वापरलंय, कारण किडा उघड्यावर पन्हळ खोदत नाही. माझ्या एका खुर्चीच्या पुढच्या पट्टीत अकरा भोकं आहेत, सगळी सरळ. मी मोजली, नंतर.

कोरीवकामाची परीक्षा सगळ्यात सोपी, आणि तीच मी केली नाही. पातळ कागद पाठीच्या नक्षीवर धरायचा, पेन्सिल आडवी घासायची, ठसा घ्यायचा. तोच कागद दुसऱ्या खुर्चीवर ठेवायचा. हाताच्या कामात पान इकडे-तिकडे दोन-चार मिलिमीटर सरकलेलं असतंच. माणूस आठ वेळा एकच रेघ मारत नाही. माझ्या सहांचे ठसे एकावर एक ठेवून खिडकीला धरले तर एकच चित्र दिसतं. दुसरं, पानाच्या कडेखाली नख घाला. काश्मिरी उठावाच्या कामात पान खालून पोखरलेलं असतं. साध्या तीन अक्षांच्या यंत्राचं पातं वरूनच उतरतं, त्याला कडेखाली शिरता येत नाही. म्हणून हे लोक बाहेरची, सहज बोट लागणारी दोन-तीन पानं हाताने पोखरतात आणि आतली तशीच सोडतात. आतल्या पानाखाली नख घालून बघा. तिसरं, नक्षीच्या तळाशी तिरपी बॅटरी मारा: गोल टोकाच्या पात्याचे बारीक समांतर वरंबे घासूनही कोपऱ्यात राहतात, आणि आतला प्रत्येक कोपरा एकाच गोलाईचा. पटाशीचा कोपरा टोकदार असतो. एवढं सगळं मला माहीत असून...

पॉलिशबद्दल थोडक्यात. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा मिनिटभर दाबून धरा. लाखेचं पॉलिश चिकट होतं, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या आजच्या रासायनिक पॉलिशांवर काहीच होत नाही. काश्मिरातलं बरंच जुनं काम नुसतं घोटून मेण लावलेलं असतं. बैठक उचलून नाक लावलं तरी चालेल. थिनरचा वास महिनोन्महिने आत कोंडलेला राहतो.

जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) खुणेवर भरवसा ठेवणाऱ्यांसाठी: काश्मिरी अक्रोड-कोरीवकामाला जीआय आहे, पण तो वस्तू कुठे आणि कशी घडली याबद्दल बोलतो, किती जुनी याबद्दल नाही. मला दाखवलेला कागद हा असलाच होता, दुसऱ्याच वस्तूचा.

आता बिल. बिलावर लिहिलंय: “लाकडी नक्षीदार खुर्ची, नग ८.” अक्रोड नाही, जुनी नाही, हाताचं काम नाही. रक्कम २,५०,०००. वरचे ६२,००० हवेत, कारण “रोख दिलेत तर करातून सुटाल”. होय, मी दिले, आणि ही माझी लबाडीच होती, कबूल. शिवाय एचएसएन कोड (करासाठी वस्तूचा प्रकार सांगणारा क्रमांक) ९४०१. हा साध्या खुर्च्यांचा कोड आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना ९७०६ लागतो. म्हणजे माझ्या तोंडावर अँटिक आणि सरकारच्या तोंडावर फर्निचर. चार आकडे तेव्हा वाचले असते तर इथे हे लिहायची वेळ आली नसती.

तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी अर्जच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी घेतला, पोच देईनात. तिसऱ्या खेपेला पोच मिळाली आणि सोबत निदान: “ही दिवाणी बाब आहे.” भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८, पोटकलम ४, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र, हे मी कागदावर लिहून नेलं होतं. साहेबांनी कागद बाजूला सारला आणि विचारलं, “खुर्चीवर बसता येतंय ना?” समोरच्या बाकावरचे दोघं हसले. मीही जवळजवळ हसलो, लाज वाटली की माणूस हसतोच.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर (वर्षही तेच, काय योगायोग) तक्रार नोंदवली. क्रमांक मिळाला. विक्रेत्याने उत्तर दिलं, “माल पूर्ण पोचवला आहे, ग्राहकाची सही आहे.” तक्रार निकाली. मला विचारलं कुणी? निकाली म्हणजे कुणाच्या बाजूने?

मग मला वाटलं माझ्याकडे हुकमाचा पत्ता आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या कारागिरीच्या वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. याच्याकडे नाही. म्हणजे तो अडकला! पुरातन वस्तूंची नोंदणी बघणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “तुम्हीच म्हणता खुर्च्या नव्या आहेत. मग त्या पुरावशेष नाहीत. मग परवान्याचा प्रश्न कुठे येतो?” मी म्हटलं, दोन खऱ्या जुन्या आहेत. “मग त्या दोनांत फसवणूक कुठे झाली?” न्यायशास्त्र शिकवणाऱ्यांनी या माणसाला भेटावं.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज ऑनलाइन केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो. कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागणार असेल तर पाच. आज अकरावा महिना. पहिल्या तारखेला समोरचा आला नाही, दुसऱ्या तारखेला वकील आला आणि वेळ मागितली, तिसऱ्या तारखेला सदस्यांची खुर्ची रिकामी (ती कुठल्या लाकडाची होती, बघायची इच्छा उरली नव्हती). चौथ्या तारखेला विचारणा: हे आंब्याचं लाकूड आहे याला आधार काय? सुताराचं म्हणणं चालत नाही. लाकडाची जात ओळखून देणाऱ्या सरकारी संस्था आहेत, देहरादूनची वन संशोधन संस्था, बेंगळुरूची लाकूड संशोधन संस्था. नमुना आयोगामार्फत सीलबंद गेला तर त्याला वजन. म्हणून पहिल्याच दिवशी, तक्रारीसोबतच, तपासणीसाठी वेगळा अर्ज जोडा. मला हे चौथ्या तारखेला कळलं, कुणी सांगितलं नाही. आणि दुरुस्ती करू नका! मी एका खुर्चीचा पाय सुताराकडून सांधून घेतला, तर वकील म्हणतो, जोड तुमच्याच सुताराने घातला.

दुकानदाराचे व्हॉट्सॲपवरचे आवाजी निरोप, ज्यांत तो “गॅरंटीड शंभर वर्षं” म्हणतो, ते त्याने खरेदीनंतर सगळ्यांसाठी पुसून टाकले. माझ्याकडे फक्त “हा मेसेज डिलीट केला आहे” अशा सात ओळी आहेत. निरोप आला की लगेच उतरवून ठेवा, फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं) प्रमाणपत्र जोडल्याशिवाय तो पुरावा म्हणून घेत नाहीत. आणि बिलावर लिहून घ्या: लाकडाची जात, अंदाजे साल, हाताचं की यंत्राचं, कोणते भाग बदललेले. “साहेब, विश्वास नाही का?” असं म्हणेल. नाही म्हणा.

दोन जुन्या खुर्च्यांची किंमत धरून तडजोड करा, असं आता त्याच्या वकिलाचं म्हणणं आहे: ४०,००० परत, तक्रार मागे. मी नकार दिला. सहा खुर्च्या चादरीत गुंडाळून ठेवल्यात, पुढची तारीख सात आठवड्यांनी आहे.

परवा एकाने जाहिरात पाठवली, घ्याव्यात का म्हणून विचारायला. बारा खुर्च्या, ‘राजघराण्याच्या पाहुणेघरातल्या’, नगाला ४४,०००. फोटो मोठा करून बघितला. उजवीकडचं, खालून तिसरं चिनाराचं पान. मधलं टोक तिरकं उडालेलं.